बाराएकरीतला खर्ज

काचेच्या त्या लहानशा खोलीचे दार बाहेरून लागले, आणि नेव्हिल गुडरमच्या कानांवर जी शांतता उतरली ती त्याला ओळखीची वाटली. कानांवर जाड गाद्यांचे हेडफोन, हातात एक बटण, आणि आवाज आला की ते दाबायचे, एवढीच सूचना. काचेपलीकडे तपासणी करणाऱ्या बाईंचा खाली झुकलेला करडा भांग दिसत होता. प्रथम काही घोगरे, जमिनीलगतचे आवाज आले. कुंपणापलीकडे एखादा बैल घसा साफ करतो आहे, असे. त्याने बटण दाबले. मग आवाज पायरीपायरीने वर चढत गेले, बारीक होत गेले, आणि एका पायरीवर येऊन थांबले. तो वाट पाहू लागला. वाट पाहणे हे त्याच्या आयुष्यातले सर्वांत जुने आणि आवडते काम होते, आणि ते करताना त्याचे उजवे मनगट नकळत हलू लागले: डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, जमिनीला समांतर, जणू त्या गालिच्याच्या जागी गहू कापून गेलेले रान पसरले आहे आणि हातातली दांडी त्यावरून कुणाची झोप मोडू नये अशा बेताने फिरते आहे.

दार उघडले. "हात दुखतोय का तुमचा?" बाईंनी विचारले.

"नाही. का?"

"हलत होता म्हणून विचारलं. आणि मधेच बटण दाबायचं थांबलात. कंटाळलात का?"

"आवाज थांबले, म्हणून थांबलो."

बाईंनी त्याच्याकडे क्षणभर पाहिले. "आवाज थांबले नव्हते, मिस्टर गुडरम," त्या हळूच म्हणाल्या. "मी वाजवतच होते."

पुढे त्यांनी पडद्यावर एक रेषा दाखवली. डावीकडे ती रेषा एखाद्या पठारासारखी निश्चिंत चालली होती, आणि मध्यावर येताच किनाऱ्यावरच्या मातीच्या कड्यासारखी सरळ समुद्रात कोसळली होती. खालचे सूर तुम्हाला विशीतल्या पोराइतके स्वच्छ येतात, त्या सांगत होत्या, वरचे मात्र गेले. आणि हे काही काल-परवा झालेले नाही, दहा वर्षे तरी हळूहळू जात असतील. तसे सगळ्यांचेच जातात. नेव्हिल मान डोलावत होता, परंतु त्याचे लक्ष त्या कड्याच्या धारेवर अडकले होते. दहा वर्षे. म्हणजे बाराएकरी, जुन्या वस्तू शोधण्याचे त्याचे रान, संपली असे जेव्हा त्याने स्वतःला सांगितले, रानाचा मालक राल्फ मॉब्ज याला सांगितले, धातुशोधकांच्या मंडळाच्या मासिक बैठकीत बिअरच्या पेल्यावरून सर्वांना सांगितले, तेव्हा ती संपलेली नव्हती. ती वाजतच होती.

रुग्णालयातून तो चालतच निघाला. नॉर्विचचा बाजार दुपारच्या उन्हात रंगीत छपरांखाली पसरलेला होता, मासळीवाल्याच्या ओट्यावरून बर्फाचे पाणी ठिबकत होते, आणि नेव्हिल त्या गर्दीतून आपल्या कानांवर लक्ष ठेवून चालला होता. जसा एखादा मनुष्य नेहमीच्या खिशात हात घालून तिथे असायला हवे ते नाही हे पुन्हा पुन्हा तपासतो. रान संपते, असे त्याच्या मंडळींत म्हणतात. ज्या जमिनीवर धातू शोधणारे यंत्र घेऊन वर्षानुवर्षे फिरावे, ती एक दिवस देण्याचे थांबते. मग तिला नमस्कार करून दुसरीकडे जावे, हा शिष्टाचार. बाराएकरी त्याने अशी सोडली होती. नाव बाराएकरी, प्रत्यक्षात ते रान अकराच भरेल. उतारावरचे, वरच्या अंगाला ओकच्या झाडांची रांग आणि खालच्या अंगाला फाटक. तिथे चांदी बोलायची ती उंच, पातळ स्वरात, कुंपणातली चिमुकली रेन पक्षीण बोलते तशी. बुटाच्या नालापेक्षा लहान, बोटाच्या नखाएवढी मध्ययुगीन नाणी, राजाचा चेहरा पुसून नुसते दोन डोळे उरलेली. त्यांतले एक आता किल्ल्यातल्या संग्रहालयात काचेखाली आहे, शेजारच्या चिठ्ठीवर गावाचे नाव आहे, आणि तेवढे पुरेसे आहे असे त्याला नेहमी वाटत आले होते. मग तो स्वर विरळ झाला. आधी महिन्यातून एकदा, मग ऋतूतून एकदा. त्याच सुमारास एका कोरड्या उन्हाळ्यात विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत रानाच्या वरच्या अंगाला पिकाखाली फिकट वर्तुळे उमटलेली दिसली, कुणा प्राचीन मृतांवर रचलेल्या मातीच्या टेकड्या, नांगराने केव्हाच सपाट केलेल्या. आणि सरकारी पत्र आले की वरचे अर्धे रान आता संरक्षित आहे, तिथे परवानगीवाचून यंत्र चालवणे हा गुन्हा आहे. त्यात काही गैर नाही, असे नेव्हिलला तेव्हाही वाटले होते. पण एक अर्धे कायद्याने मिटले आणि दुसरे अर्धे आपणहून मुके झाले, असे समजून तो परतला. त्याची बायको डोरीन हिच्या गुडघ्यांसाठी शहरातली तळमजल्यावरची जागा घेतली गेली, आणि यंत्र इस्त्रीच्या फळीमागे गेले. सहा वर्षे तो स्वतःला सांगत आला की आपण मनुष्य म्हणून तृप्त होऊन थांबलो. आता कळले की आपण थांबलो नव्हतो. आपल्याला थांबवले होते, तेही आपल्याच कानांनी, आणि न सांगता.

"काय म्हणाली?" डोरीनने स्वयंपाकघरातूनच विचारले.

"खालचं येतं. वरचं येत नाही."

"हे सांगायला एवढी यंत्रं लावली? मला विचारायचं. मी वरच्याच पट्टीत बोलते, चाळीस वर्षं झाली." ती पीठ लागलेले हात पुसत दारात आली. "आणि हे काय, तू हसतोयस का?"

"बाराएकरी संपलेली नाही, डोरीन."

तिने त्याच्याकडे पाहिले, मग इस्त्रीच्या फळीकडे पाहिले. "गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन घरात आलास तर तुला मागच्या अंगणात झोपवीन," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिने सामोशाच्या आकाराच्या त्या मांस भरलेल्या पेस्ट्या भट्टीत सरकवल्या. चाळीस वर्षांच्या संसारात तिने दिलेली ही सर्वांत उदार परवानगी होती.

नवीन श्रवणयंत्रे दोन्ही कानांत आली आणि जगाला पुन्हा कडा फुटल्या. चमचा बशीला लागतो तो आवाज, वर्तमानपत्राचे पान, डोरीनच्या बोलण्यातला प्रत्येक स. पण बसमधून उतरून राल्फच्या अंगणात तो उभा राहिला तेव्हा त्याच्या लक्षात आले की रानात यांचा उपयोग नाही: वरून हेडफोन चढवले की ती लहानगी यंत्रे आक्रोश करू लागत. हल्लीच्या धातुशोधकांत म्हणे सूर हवे तसे खाली उतरवता येतात. त्याचा मात्र जुना, एकाच स्वभावाचा, धन्यासारखा. त्याने श्रवणयंत्रे काढली, मोहरीच्या पिवळ्या डबीत ठेवली, डबी कोटाच्या आतल्या खिशात घातली, आणि जगाच्या कडा पुन्हा मऊ झाल्या.

"मेलास असं वाटलं होतं मला," राल्फ मॉब्ज ट्रॅक्टरखालून म्हणाला. त्या भागात ऐंशीच्या म्हाताऱ्यालाही पोरा म्हणूनच हाक मारतात, आणि राल्फ तर नेव्हिलहून चार वर्षांनी लहान होता. "काय रे पोरा, शहरानं हाकललं का?"

"रान बघायला आलोय. खालचं अर्धं."

"खालचं अर्धंच. वरच्या अंगाला मी निळी दोरी बांधलीय, गवताच्या गठ्ठ्यांची असते ना, ती. त्या दोरीपलीकडे तुझं यंत्र गेलं तर तू आत, आणि तुझ्या शेजारच्या कोठडीत मी. आणि मला तुझं घोरणं ठाऊक आहे." तो बाहेर सरकला, तेलाने काळे झालेले हात त्याने पाटलोणीला पुसले. "पण काय मिळणार तुला? तूच म्हणाला होतास, संपलं म्हणून."

"कान संपले होते."

राल्फने थोडा विचार केला. "माझी बायको म्हणते माझं डोकं संपलंय. तिनंही तपासून घ्यायला हवं," तो म्हणाला. "जा. धसकटं आहेत अजून. पुढच्या महिन्यात नांगर घालतोय, यंदा खोल. वसंतात बीट लावायचंय."

धसकटांवर पाऊल पडले की जो कोरडा मोडल्याचा आवाज व्हायचा तो आता त्याला ऐकू येत नव्हता, नुसता तळव्यांना जाणवत होता. ओकच्या रांगेखाली राल्फची निळी दोरी चार खुंट्यांवरून रानाच्या मधोमध गेली होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना तीच माती, तीच धसकटे, तेच कावळे. यंत्र चालू करताना त्याचा अंगठा सवयीने त्या लहानशा खटक्याकडे गेला. तो खटका म्हणजे गाळणी. ती लावली की यंत्र लोखंडाविषयी मौन पाळते. तीस वर्षांत त्याने ती कधी काढली नव्हती. कुणीच काढत नसे. लोखंड म्हणजे नांगराचे तुकडे, घोड्याचे नाल, कुंपणाचे खिळे, आणि मंडळात एखाद्या नवख्याच्या पिशवीतून गंजका खिळा निघाला की सगळे टेबल वाजवत. लोखंडाचा स्वर खाली असतो, घोगरा, पोटातून येणारा. चांदीची वाट पाहणाऱ्याला तो शिंकेसारखा मधे येतो. नेव्हिल उभा राहिला. चांदी आता पायाखाली गायली तरी त्याला कळणार नव्हती. मग ज्याचे ऐकू येते त्याचेच ऐकावे, हा विचार त्याला सुचला असे म्हणता येणार नाही. अंगठ्याने गाळणी काढली, आणि मग विचार आला.

आणि बाराएकरी बोलू लागली. किती बोलू लागली! तीस वर्षे ज्या जमिनीला तो मितभाषी समजत आला होता ती खर्जात अखंड बडबडत होती. एक खिळा, दुसरा, मधे एखादा रुंद हुंकार, नालाचा असावा, मग काही पावले काहीच नाही, मग पुन्हा तीनचार एकदम, जणू कुणी दारात उभे राहून गप्पा मारत आहेत. शब्द हा आकाशाचा गुण आणि गंध हा पृथ्वीचा, अशी वाटणी आपल्या पंडितांनी करून ठेवली आहे. त्यांतला कुणी या उतारावर हेडफोन लावून चालला असता तर त्याने ती पुन्हा तपासली असती. नेव्हिल काही खणत नव्हता. तो नुसता चालत होता, ऐकत होता, आणि त्याला आपण म्हातारे झालो आहोत ही गोष्ट प्रथमच एखाद्या पदवीसारखी वाटत होती. ज्यांच्या राज्यात ही चांदीची नाणी पडली त्या राजांना तो तीस वर्षे नावानिशी ओळखत होता. पण नाल मारणारे, कुंपण घालणारे, फाळ मोडल्यावर शिव्या देणारे, यांच्यावर तो खटका लावून बसला होता.

निळ्या दोरीच्या जवळ आल्यावर त्याचे पाऊल थांबले. खर्ज बदलला नव्हता, पण त्याची चाल बदलली होती. इतका वेळ जे इतस्ततः होते ते आता ठेका धरून येत होते: एक हुंकार, वीतभर मौन, एक हुंकार, वीतभर मौन. नांगराचे तुकडे असे पडत नाहीत. तो मागे फिरला, पुन्हा आला. ठेका तिथेच होता. त्याने पिशवीतून डोरीनच्या कबाबाच्या बांबूच्या काड्या काढल्या आणि प्रत्येक हुंकारावर एक एक रोवीत गेला. मग गुडघ्यांवर बसून, नांगराने मोकळ्या केलेल्या वरच्या मातीतून, फावड्याच्या टोकाने त्याने एकच उचलला. मुठीएवढा गंजाचा गोळा. अंगठ्याने माती पुसताच त्याला खिळ्याचे बोंड लागले, दुसऱ्या टोकाला एक लहान चौकोनी टिकली लागली, आणि त्या दोहोंमधल्या गंजात लाकडाच्या रेषा होत्या. लाकूड केव्हाच मातीला मिळाले होते. लोखंडाने त्याचे तंतू तेवढे आठवणीत ठेवले होते.

त्याला ते डोळ्यांनी समजले नाही. अंगठ्याला समजले. नदीकाठच्या त्या घरात, जिथे त्याच्या निजण्याच्या खोलीची भिंत आणि बापाच्या होड्यांच्या कारखान्याची भिंत एकच होती, असे खिळे खिडकीच्या कट्ट्यावर, खुंटीवरच्या कोटांत, कधी पावाच्या डब्यातसुद्धा असत. दोन फळ्या एकमेकींवर किंचित चढवायच्या, खिळा बाहेरून ठोकायचा, आतून टोकावर टिकली बसवायची, आणि टोक ठोकून चपटे करायचे. मग ती फळी दुसरीला कधी सोडत नाही. होडीच्या पोटातून घुमून येणारा तो ठोका भिंतीतून उशीत उतरे. आई म्हणे, या आवाजात पोर झोपतं कसं? परंतु ज्या दिवशी ठोका नसे त्या दिवशीच त्याला झोप येत नसे. एक ठोका, वीतभर मौन, एक ठोका. नेव्हिलने खिळा छातीजवळ धरला आणि तो बराच वेळ तसाच गुडघ्यांवर राहिला. त्याच्या समोर बांबूच्या काड्यांच्या दोन ओळी वळत वळत चालल्या होत्या, एकमेकींपासून दूर होत, मध्ये पोट धरीत. इथून समुद्र दिसत नाही. गंधही येत नाही. तरी कुणीतरी कुणालातरी या उतारावर होडीत निजवून मातीखाली ठेवले होते. एक टोक त्याला सापडले होते. दुसऱ्या टोकाकडे जाणाऱ्या दोन्ही ओळी निळ्या दोरीखालून सरळ पलीकडे गेल्या होत्या.

तो उठून दोरीपाशी गेला. दांडी लांब होती. पाय इकडे ठेवून हात लांब केला असता तर यंत्राची थाळी सहज पलीकडे पोहोचली असती, आणि कावळ्यांखेरीज पाहणारे कुणी नव्हते. होडी किती लांब, तिचे दुसरे टोक कसे मिटले आहे, हे कळायला एक हात पुरे होता. त्याला मोह झाला नाही असे नाही. तो झाला, आणि गोड होता. थाळी दोरीच्या अलीकडे धरून तो ऐकत राहिला. शेवटचा हुंकार दोरीच्या अगदी खाली होता, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. दारामागे कुणीतरी झोपले आहे हे ठाऊक असताना माणूस जसा दार न उघडता चार क्षण उभा राहतो, तसा तो उभा राहिला, आणि मग त्याने यंत्र बंद केले.

राल्फ चहाचा थर्मास घेऊन वर आला तेव्हा काड्या उन्हात पिवळ्या दिसत होत्या. तो वाकून पाहत राहिला. रानातल्या माणसाला आकार लवकर कळतो.

"होडी," तो म्हणाला.

"होडी."

"माझ्या गव्हाखाली." त्याने थर्मासच्या झाकणात चहा ओतला. "सोनं आहे का रे?"

"मी लोखंडच ऐकलं फक्त."

"आणि कायदा काय म्हणतो लोखंडाबद्दल? सोन्याचा नियम मला माहीत आहे. सोनं-चांदी निघाली तर मढी तपासणाऱ्या त्या साहेबापुढे चौकशी बसते. पण हे?"

"अशा एका सुट्या खिळ्याबद्दल काहीच म्हणत नाही. सांगावं, अशी विनंती आहे. सांगितलंच पाहिजे असं नाही."

"म्हणजे कायदा गप्प आहे."

"गप्प आहे."

"मग तूही गप्प बस, पोरा," राल्फ म्हणाला, पण त्याच्या स्वरात आग्रह नव्हता; तो केवळ हिशेब पुरा करत होता. "तू सांगितलंस की ती म्युझियमची पोरगी येणार, मग कागद येणार, मग दोरी खाली येणार फाटकापर्यंत. माझं एक वेळ ठीक आहे, गवत लावीन, मेंढ्या सोडीन, गवताला सरकार पैसे देतं हल्ली. पण तुझं काय? एवढंच रान उरलंय तुला. बाकी सगळ्या शेतकऱ्यांनी आपलं रान त्या मोठ्या मेळावेवाल्यांना दिलंय, पैसे घेऊन शेकडो लोक खणायला आणतात ना, त्यांना. एका दिवसासाठी आलास का तू?"

नेव्हिलने तो खिळा राल्फच्या तळहातावर ठेवला. "हा वरच्या मातीत होता," तो म्हणाला. "याची जागा खाली आहे. तुझ्या फाळानं वर आणलाय. मागच्या वर्षी, किंवा त्याच्या मागच्या."

राल्फने खिळ्याकडे पाहिले, मग खाली अंगणात उभ्या असलेल्या नांगराकडे पाहिले. "आणि यंदा खोल," तो म्हणाला.

"यंदा खोल."

दोघांनी चहा संपवला. राल्फने झाकण झटकले आणि ते थर्मासवर फिरवत तो म्हणाला, "मला सांगू नकोस काय करणार ते. मला झोप चांगली लागते, ती मोडू नकोस." आणि तो उतरून गेला.

परतीच्या बसमध्ये नेव्हिल खिडकीशी बसला. डबी आतल्या खिशात होती. श्रवणयंत्रे आता कानांत आणि खिळा डबीत, रुमालात गुंडाळलेला. त्याला दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्या होत्या आणि हे त्याला नीट ठाऊक होते. बाराएकरी हवी होती, आजच्यासारखी, खर्जात बडबडणारी, अजून निदान चारसहा शरद ऋतू, गुडघे असेपर्यंत. गेल्या सहा वर्षांत आपण काय गमावले होते ते आज दुपारीच कळले होते, आणि कळल्याबरोबर ते सोडून देण्याची वेळ यावी, हे त्याला दुःखाचे कमी आणि गमतीचे अधिक वाटत होते, हेही नवल. कायदा गप्प आहे, राल्फ म्हणाला. तीस वर्षे नेव्हिलने कायद्याचे बोलणे ऐकले होते: इथे जा, तिथे जाऊ नको, खड्डा बुजव, जागा खरी सांग, धन्याला अर्धे दे. त्याने ते निमूट पाळले होते, कारण बोलणाऱ्याचे पाळणे सोपे असते. आता तो गप्प होता, आणि त्या मौनाची घडण नेव्हिलला त्या काचेच्या खोलीतल्या मौनासारखी भासली. आपल्याला ऐकू आले नाही म्हणजे कुणी वाजवत नाही असे नाही. शहराचे दिवे दिसू लागले तेव्हा त्याला जाणवले की निर्णय बसमध्ये झालेला नाही. तो दोरीपाशीच, थाळी अलीकडे धरून उभा असताना, होऊन गेला होता. आता फक्त तो घरी न्यायचा होता.

"म्हणजे सहा वर्षांनी गेलास, आणि एका दिवसात रान घालवून आलास," डोरीन म्हणाली. तिने खिळा दिव्याखाली धरला होता. "माझ्या कबाबाच्या काड्या कुठायत?"

"होडीत आहेत."

"तुझ्या बाबांना आवडलं असतं हे," ती म्हणाली, आणि तिने खिळा परत रुमालात ठेवला, टिकली वर करून, जणू तो थंडीने कुडकुडेल. "फोन कर. उद्या करीन म्हणालास तर रात्रभर कूस बदलत बसशील आणि मला झोपू देणार नाहीस."

संग्रहालयातली टॅम्सिन कार्टराइट, लोकांना सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणारी, घरी जायला निघाली होती. फोनवर तिच्या पाठीमागे किल्ल्या वाजत होत्या आणि त्या किल्ल्यांचा वरचा सूर त्याला ऐकू आला याचे त्याला क्षणभर कौतुक वाटले. त्याने सांगितले. जागा सांगितली, नकाशावरच्या आकड्यांसकट, एकही आकडा न लपवता. किल्ल्या वाजायच्या थांबल्या.

"मिस्टर गुडरम," ती शेवटी म्हणाली, "किती खणलंत?"

"एकच उचलला. सुटा होता."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे ऐकले."

"दोरीच्या पलीकडे?"

"तिकडचं मला ठाऊक नाही," नेव्हिल म्हणाला. "ते तुम्ही बघा. मला सांगा मात्र."

त्यानंतर जे घडले ते शांतपणे घडले. राल्फने नांगर शेडमध्ये लोटला आणि त्यावर ताडपत्री टाकली. टॅम्सिन आणि तिचे दोन सहकारी चाकांची एक गाडी ढकलत रानावरून इकडून तिकडे गेले, परवाना काढून, दोरीच्या दोन्ही अंगांनी, आणि एक पाते न हलवता जमिनीचे चित्र घेऊन आले. ती मंडळी परतायच्या दिवशी तिने नेव्हिलला बोलावून घेतले. जागा दाखवण्यापुरते यंत्र आणा, म्हणाली. ओकच्या झाडांची पाने तांबूस झाली होती. तिने मांडीवरच्या पडद्यावर बोट ठेवले. करड्या दाण्यांमध्ये एक अधिक गडद, लांबट पान तरंगत होते, दोन्ही टोकांना मिटलेले. अलीकडचे टोक त्याच्या काड्यांच्या जागी होते. पलीकडचे त्याने प्रथमच पाहिले. ते किंचित डावीकडे वळले होते. बापाच्या हातच्या होड्याही तशा वळत, आणि कुणी विचारले तर तो म्हणे, सरळ काठी तरंगते, पण ती कुठे जात नाही.

"उघडणार का?" नेव्हिलने विचारले.

"नाही. आहे तिथंच राहू दे," टॅम्सिन म्हणाली. "आता तिला कुणी त्रास देणार नाही." मग जरा थांबून, "तुम्हाला वाईट वाटतंय का, नेव्हिल? खालचा भागही बंद होणार म्हणून?"

त्याने प्रश्न नीट तपासून पाहिला, कारण पोरगी मनापासून विचारत होती. वाईट वाटत होते. परंतु त्या वाईट वाटण्याच्या तळाशी काहीतरी पक्के होते, त्यावर भार टाकून उभे राहता येत होते. "थोडं," तो म्हणाला. "बेताचं."

"चल पोरा, दोरी धर," राल्फने वरून हाक दिली. "कागद यायला वर्ष लागेल. पण माझा नांगर निरक्षर आहे, त्याला दोरीच वाचता येते." दोघांनी चारही खुंट्या उपटल्या आणि निळी दोरी दोन टोकांना धरून ते उतारावरून खाली चालत निघाले, धसकटांवरून, काड्यांना वळसा घालून, दोरी मधे झोळी घेत होती आणि जिथून ती पुढे सरकत होती तेवढे रान त्यांच्या मागे मिटत होते. फाटकाशी आल्यावर राल्फने आपले टोक खांबाला बांधले, नेव्हिलचे टोक दुसऱ्या खांबाला बांधले, गाठ ओढून पाहिली, आणि फाटक बाहेरून लोटले.

"झालं. आता तू बाहेर."

"बाहेर," नेव्हिल म्हणाला.

जागा दाखवून झाल्यावर यंत्र त्याने फाटकाबाहेर नेऊन टेकवून ठेवले होते. बंद करायचे राहून गेले होते, आणि ते उचलून खांद्याला लावताना थाळी बिजागरीजवळून गेली. गळ्यात पडलेल्या हेडफोनमधून एक लांब, रुंद, पोटातला हुंकार आला. इतका मोठा की राल्फनेही मान वळवली.

"काय म्हणतंय?"

"लोखंड."

"खणायचं का?"

"नको," नेव्हिल म्हणाला. "फाटक पडेल."

राल्फ हसला. त्याचे हसणे खालच्या पट्टीतले होते, छातीतून उठून रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या कुंपणांत शिरणारे, आणि नेव्हिलला ते अगदी शेवटापर्यंत ऐकू आले.